सर पाहून राहिले

नीलाच्या हातात बॉल होता, समोर कुणी नव्हतं आणि रिंग दोन ढांगांवर होती. बेंचावरच्या पोरी ‘मार वं, मार’ म्हणून घसा कोरडा करून घेत होत्या. पण नीला बॉल छातीशी धरून थबकली, तिनं कोर्टाच्या कडेला एकदा पाहिलं, आणि तेवढ्यात पाहुण्या कॉलेजच्या एका उंच पोरीनं मागून येऊन तो बॉल तिच्या हातातून अलगद काढून नेला. मग शिट्टी वाजली. हंगाम सुरू होऊन पंधरवडा झाला नव्हता आणि हा दुसरा सामना हातचा गेला होता.

कडेला खुर्चीत बसलेले मार्तंडराव शिर्के मागे रेलले आणि त्यांनी मान हलवली. ‘पोरींच्या डोक्यात काही उतरलेलंच नाही,’ असं ते मनाशी म्हणाले, आणि म्हणताना त्यांना थोडं बरंही वाटलं. उगाच खोटं कशाला बोला? ज्या कोर्टावर उमेदीची सगळी वर्षं घालवली, तिथं आपल्यामागे सारं सुरळीत चाललंय हे पाहून सुख व्हायला माणूस संतच असावा लागतो. मार्तंडराव संत नव्हते, कॉलेजचे निवृत्त फिजिकल डायरेक्टर होते.

पोरी पाणी प्यायला नळाकडे गेल्या तशी सत्यवती रामटेके त्यांच्यापाशी आली. ही नवी कोच. पतियाळाहून कोचिंगचा कोर्स करून आलेली, वय चोविसाच्या आतबाहेर, अंगानं काटकुळी, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली. हरल्यावर माणसाचा चेहरा पडतो तसा तिचाही पडला होता, पण तिनं तो आवरून घेतला होता.

“सर, चहा सांगू का?”

“नको.”

“काही चुकून राहिलं असन तर सांगा, सर. मले समजते, दोन मॅचा गेल्या.”

“पाहू,” मार्तंडराव म्हणाले. “अजून पाहू दे.”

ती मान डोलावून गेली. पुढं काही विचारायची तिची हिंमत नव्हती, आणि त्यांचं तिला काही सांगायचं मन नव्हतं.

हे पाहण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं ते प्राचार्य केशवराव दाणींकडून. दसरा झाल्यावर एका सकाळी केशवराव स्वतः स्कूटरवरून सक्करदऱ्याच्या त्यांच्या घरी आले होते. “पोरगी हुशार आहे म्हणतात,” ते म्हणाले होते. “पण कमिटीतले लोक कुरकुरताहेत. म्हणतात, एवढीशी पोर, तिला मुली ऐकतील का? नेमणूक सध्या तात्पुरती आहे. नाताळाच्या सुटीआधी तिला कायम करायचं की दुसरं कुणी पाहायचं, ते ठरवायचंय. तुमच्याइतकं बास्केटबॉल या कॉलेजात कुणाला कळतं, मार्तंडराव? तुम्ही येऊन बसत जा, बघत जा आणि मला सांगा. तुमचा शब्द आम्हाला पुरे.”

केशवरावांना वाटलं, आपण म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात एक लोढणं बांधून चाललो आहोत. त्यांना काय ठाऊक, की त्यांची स्कूटर कोपऱ्यावरून वळायच्या आत मार्तंडरावांनी कपाटातून पांढरी पँट काढून इस्त्रीला टाकली होती.

निवृत्त होऊन त्यांना दीडेक वर्ष झालं होतं, आणि त्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी यमुताई गेल्या होत्या. मुलगी जबलपूरला दिलेली, तिचं पत्र येई. माणसाची सकाळ कशीही निघते. पेपर असतो, भाजी आणायची असते, दोन पोळ्या लाटायच्या म्हटलं तरी तास जातो. दुपारी झोप लागते. पण चार वाजले की मार्तंडरावांना घर खायला उठे. सारा जन्म ते चार वाजता मैदानावर जायला निघालेले. ‘दिव्याच्या उजेडाशिवाय मी तुमचं तोंड पाहिलं नाही,’ असं यमुताई थट्टेनं म्हणायच्या. आता चार वाजता तोंड धुऊन, केस विंचरून, चपला घालून ते तयार होत आणि मग ओसरीवर उभे राहत, कारण जायला कुठं नव्हतं. थोड्या वेळानं चपला काढून पुन्हा आत येत. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी ती होती तरी कुठं?

तेव्हा केशवरावांचं ते काम म्हणजे आंधळा मागतो एक डोळा अशातली गत झाली. शेजारच्या शोभाताई अंगणातून विचारत, “कुठं चालले, भाऊजी, एवढे टापटिपीत?” आणि मार्तंडराव घड्याळाकडे बघत म्हणत, “काम आहे कॉलेजात.” ‘काम’ हा शब्द ते जरा जोरातच म्हणत.

दुसऱ्या पराभवानंतर केशवरावांनी त्यांना कचेरीत बोलावून विचारलं, “काय मग? काय वाटतं?” मार्तंडरावांनी गंभीर तोंड केलं आणि म्हणाले, “इतक्यात सांगता यायचं नाही. घाई नको. अजून एकदोन सामने पाहू द्या.” हे बोलत असताना त्यांना आतून पक्कं माहीत होतं, की ते सामने मागून घेत नव्हते, स्वतःसाठी आणखी काही संध्याकाळी मागून घेत होते. पोरीबद्दल हो म्हटलं काय किंवा नाही म्हटलं काय, त्यांचं काम त्याच दिवशी संपणार होतं. तेव्हा ते काहीच म्हणत नव्हते. तिकडे कमिटीतल्या एकानं आपला कुणी भाचा की पुतण्या पुढं केला आहे, असंही त्यांच्या कानावर आलं. तरी ते काही बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात एक दिवस रस्ता खणल्यामुळं बस भलत्याच बाजूनं फिरली आणि तिनं त्यांना कॉलेजच्या मागच्या फाटकाशी उतरवलं. वेळही लवकरची होती. फाटकातून आत आले की आधी पाण्याची टाकी लागते, तिच्या पलीकडे कोर्ट. चढ चढून दम लागला म्हणून मार्तंडराव टाकीच्या सावलीत जरा टेकले. तिथून त्यांना कोर्ट दिसत होतं आणि कोर्टावरून ते कुणाला दिसत नव्हते.

आधी त्यांना वाटलं, दुसऱ्याच कुठल्या कॉलेजच्या पोरी आल्या असाव्यात. बॉल एका हातात ठरत नव्हता. नीला धावत आली, समोरची अंगावर आली तशी तिनं न बघताच डावीकडे पास दिला, आणि तिथं कुणीतरी असणारच हे तिला जसं काही आधीपासून माहीत होतं. होतंही. एक बुटकी पोर, जिला मार्तंडरावांनी कधी बेंचावरून उठवलं नव्हतं, रिंगखाली घुसून बास्केट करून मोकळी झाली. साऱ्या जणी ओरडत होत्या, एकमेकींना हाका मारत होत्या, मध्येच हसत होत्या. सत्यवती रेषेच्या कडेनं चालत होती आणि फार बोलतही नव्हती.

“बोला वं, एकमेकींसंग बोला,” ती म्हणत होती. “मुक्यावानी काहून खेळता?”

एकीचा पास चुकला. मार्तंडरावांचा हात सवयीनं गळ्यातल्या शिट्टीकडे गेला, तिथं शिट्टी नव्हती. सत्यवतीनं खेळ थांबवला आणि त्या पोरीलाच विचारलं, “आता तूच सांग, काय चुकलं?” पोरीनं सांगितलं. बरोबर सांगितलं. “मंग? आता करून दाखव,” सत्यवती म्हणाली, आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

मार्तंडराव बघतच राहिले. त्यांना या खेळातलं कळत होतं, म्हणूनच त्यांच्यापाशी पळवाट नव्हती. असा खेळ या कोर्टावर कधी झाला नव्हता. त्यांच्या हाताखाली तर नाहीच. त्यांना हेवा वाटायला हवा होता, पण खरं सांगायचं तर त्या घटकेला त्यांना निव्वळ आनंद झाला. चांगला गवई ऐकताना मांडीवर आपोआप ठेका पडतो तसा त्यांचा हात टाकीच्या कठड्यावर पडत होता. ‘बेटा, तू तर सोनं आणलंस,’ असं तिला जाऊन सांगावं म्हणून ते टाकीच्या आडून बाहेर निघाले.

“सर आले,” कुणीतरी म्हणालं.

खेळ थांबला. पोरींनी ओळीनं नमस्ते केलं. सत्यवतीनं भिंतीशी ठेवलेली खुर्ची स्वतः उचलली, ओढणीच्या टोकानं पुसली आणि कोर्टाच्या बरोबर मध्यासमोर, कडेच्या रेषेला लागून ठेवली. मोठ्या माणसाला बसायला चांगली जागा द्यायची, एवढंच तिला तिच्या घरात शिकवलेलं. मार्तंडराव बसले. शिट्टी वाजली.

आणि मघाच्या पोरी कुठं गेल्या कोण जाणे. हाका बंद झाल्या. धावणं जपून होऊ लागलं. नीलाकडे बॉल आला, समोर वाट मोकळी होती, आणि ती थबकली. तिनं पाहिलं. सत्यवतीकडे नाही, रिंगकडे नाही. तिनं पाहिलं ते खुर्चीकडे, थेट मार्तंडरावांच्या डोळ्यांत.

त्यांना वाटलं, भास असेल. पुढच्या खेपेला ते मुद्दाम खाली वाकले आणि चपलेशी चाळा करत बसले. कोर्टावर एकदम शांतता झाली. मान वर केली तर नीला बॉल धरून उभी होती आणि ते कधी वर पाहतात याची वाट बघत होती.

ही त्यांचीच शिकवण होती. मार्तंडसरांची शिस्त साऱ्या नागपुरात नावाजलेली. बॉल हातात आला की आधी सरांकडे पाहायचं. सरांनी मान हलवली तर मारायचं, नाही तर बॉल परत द्यायचा. पहिल्या वर्षाला आलेल्या पोरींना ते हेच घोटून घोटून शिकवत. अतिशहाणपणा नको, डोकं मी वापरतो, तुम्ही हात वापरा, असं ते म्हणत. नीला आणि तिच्या बरोबरच्या दोघीतिघी तेव्हा पहिल्या वर्षाला होत्या. एक वर्ष सर नव्हते तोवर ते विसरल्याही असतील. पण सर पुन्हा येऊन बसले, आणि लहानपणी पाठ केलेली प्रार्थना जशी ओठांवर येते तशी ती सवय परत आली. त्यांचं बघून नव्या पोरीही बघू लागल्या. सत्यवतीनं दुपारभर जे पेरायचं, ते मार्तंडराव साडेचार वाजता येऊन नुसते बसून खुडून टाकत होते.

सराव संपला. पोरी सायकली काढून निघून गेल्या. सत्यवती एकटी बॉल गोळा करून जाळीत भरत होती. मार्तंडराव खुर्चीतून उठले नव्हते.

“तुले माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“काय, सर?”

“मी बसलो की पोरी माह्याकडे पाहतात ते.”

सत्यवतीनं जाळीचं तोंड आवळलं. खोटं बोलावं की काय, असा विचार तिच्या चेहऱ्यावरून गेलेला दिसला. मग ती म्हणाली, “हो.”

“केव्हापासून?”

“पहिल्याच दिवसापासून.”

“मंग सांगितलं काहून नाही? तुही नोकरी आहे इथं, बेटा. मी एक शब्द वाकडा बोललो असतो तर गेली असती.”

“कसं सांगू, सर? तुम्ही मोठे. कॉलेजनं तुमाले बसवलं. मी म्हणू का, सर, उठा इथून?”

“म्हणू नको. पण खुर्ची तरी दूर टाकायची. तिकडे, झाडाखाली.”

“एक दिवस टाकली होती,” सत्यवती म्हणाली. “तुम्ही आले अन् झाडाखाली खुर्ची पाहून उभेच राह्यले. मले तुमचं तोंड पाहवलं नाही. मंग मीच उचलून आणली परत.”

तो दिवस मार्तंडरावांना आठवला. ऊन लागू नये म्हणून खुर्ची झाडाखाली नेली असावी असं तेव्हा त्यांना वाटलं होतं.

“काय झालं होतं माह्या तोंडाले?”

“काही नाही, सर.” तिनं जाळी खांद्याला लावली आणि परत खाली ठेवली. “माहे बाबा मिलमध्ये होते. आता घरीच असतेत. पण भोंगा झाला की अजून सदरा घालतेत अन् दारात जाऊन उभे राहतेत. घरात कोणी त्याइले विचारत नाही, कुठं जाता म्हणून. आई म्हणते, राहू द्या, घडीभर उभे राहतीन अन् येतीन आत.”

मार्तंडरावांना राग यायला हवा होता, कारण कुणी आपली कीव केली हे त्यांच्या पिढीच्या माणसाला सोसत नाही. पण राग आला नाही. तिची पारख करायला आपल्याला बसवलं आहे, अशा तोऱ्यात ते महिनाभर बसले होते. आणि ही पोर रोज, नोकरी जाईल हे दिसत असताना, एका एकट्या माणसाला संध्याकाळी बसायला जागा देत होती. त्यांचे डोळे भरून आले. चष्मा काढून ते पुसत बसले आणि सत्यवती भल्या घरच्या पोरीसारखी दुसरीकडे बघत उभी राहिली.

“शुक्रवारी मॅच आहे न?” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

“हो, सर.”

“बुटकीले पहिल्यापासून खेळव. मी तिले ओळखलंच नव्हतं.”

“हो, सर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ते प्राचार्यांच्या खोलीत होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“मुलगी चांगली आहे,” त्यांनी सांगितलं. “नुसती चांगली नाही, माझ्यापेक्षा चांगली आहे. नाताळाची वाट बघू नका, आजच कायम करा.”

“पण सामने तर हरतेय,” केशवराव म्हणाले.

“हरतेय ती माझ्यामुळं. मी बसतो म्हणून.” आणि त्यांनी काय घडतं ते सारं सांगितलं. स्वतःच्या तोंडानं ते सांगणं सोपं नव्हतं, पण त्यांनी काही झाकलं नाही.

केशवराव हसले. मोठी माणसं असा कमीपणा घेतात, असं त्यांना वाटलं. “ठीक आहे, तुमचा शब्द आम्हाला पुरे, मी पूर्वीच म्हटलं होतं. कमिटीला मी बघतो. पण मार्तंडराव, तुम्ही येणं सोडू नका हं. सल्लागार म्हणून बसत जा. या वर्षी, पुढच्या वर्षी, जमेल तोवर. तुम्ही असलात की कॉलेजला बरं वाटतं. तुमच्या नावाचं एक टेबलसुद्धा टाकू तिथं.”

मार्तंडराव उभे होते ते उभेच राहिले. पुढच्या वर्षीही. जमेल तोवर. रोज चार वाजता इस्त्रीची पँट, शोभाताईंचं ‘कुठं चालले’, आणि ‘काम आहे’ हे उत्तर. फक्त हो म्हणायचं होतं. सत्यवती काही बोलली नसती, हे आता त्यांना पुरतं कळलं होतं. तिनं खुर्ची पुसून दिली असती आणि पुढचा सामनाही हरली असती.

“नाही,” ते म्हणाले. “मी बसलो तर तिला कायम करून उपयोग नाही.”

“मग संध्याकाळी काय करणार?” केशवरावांनी सहज विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं.

“फिरायला जात जाईन. डॉक्टरनंही सांगितलंय.”

डॉक्टरनं असं काही सांगितलं नव्हतं. कित्येक दिवसांत ते डॉक्टरकडे गेलेच नव्हते.

शुक्रवारी चार वाजता त्यांनी तोंड धुतलं, केस विंचरले, चपला घातल्या आणि ओसरीवर न थांबता तडक रस्त्याला लागले. कॉलेजच्या उलट्या दिशेला. सक्करदऱ्याच्या तलावाला त्यांनी संथपणे एक फेरी घातली. आता सामना सुरू झाला असेल. आता अर्धा झाला असेल. एका दगडावर बसून त्यांनी चार आण्याचे शेंगदाणे खाल्ले आणि पाण्यातल्या म्हशी बघितल्या. शेजारी एक गृहस्थ येऊन बसले, त्यांनी तंबाखू मळत विचारलं, “कोनाची वाट पाहून राह्यले का?” मार्तंडराव म्हणाले, “नाही, असाच बसलो.” गृहस्थांचं समाधान झालं आणि ते थोड्या वेळानं उठून गेले.

उन्हं कलल्यावर तेही उठले. तलावाच्या बाजूनं जो उताराचा रस्ता येतो, त्याच्या तोंडाशी आले तोच वरून गलका ऐकू आला. सायकली होत्या, सातआठ तरी असतील, पुढंमागं, रस्ताभर पसरलेल्या. नीलाच्या घरी निघाल्या असाव्यात, तिचं घर इकडेच होतं. सगळ्यांत पुढं नीला होती आणि तिच्या कॅरिअरवर सत्यवती बसली होती, एका हातानं सीट धरून, केस सुटलेले. बुटकी पोर हँडल सोडून दोन्ही हात वर करून येत होती. सामन्याचं काय झालं ते विचारायची गरज नव्हती. हरलेल्या पोरी अशा सायकली चालवत नाहीत.

मार्तंडरावांचा हात हाक मारायला वर गेला. नीला, असं तोंडातून निघणारच होतं. मग त्यांच्या ध्यानात आलं. रस्त्यात सर दिसले की मुली सायकलवरून खाली उतरतात. उतरतात, बाजूला उभ्या राहून नमस्ते करतात, आणि सर पुढं जाईपर्यंत सायकल हातात धरून चालतात. कुणी सांगितलेलं नसतं, पण तशी रीतच आहे. या साऱ्याच्या साऱ्या आत्ता उतारावर ब्रेक दाबतील, उतरतील, ओढण्या सारख्या करतील आणि ओळीनं उभ्या राहतील. सत्यवतीसुद्धा.

रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाचं एक बंद गुऱ्हाळ होतं. मार्तंडराव दोन पावलं मागं सरून त्याच्या आड उभे राहिले आणि रस्त्याकडे पाठ करून तलावाकडे बघू लागले. मागून घंट्या वाजवत, हसत, एकमेकींना मोठमोठ्यानं हाका मारत पोरी आल्या आणि वाऱ्यासारख्या खाली उतरून गेल्या. एकीनंही ब्रेक दाबला नाही.